उणे सात

"काकू, बीपीच्या गोळ्या चालू आहेत का?" एवढंच विचारलं म्हणून तांबुळणीचा ग्रामसेवक निलंबित झाला, आणि गावात एकालाही त्याची दया आली नाही. बरं झालं, असंच सगळे म्हणाले.

म्हणणारच हो! मोठ्या गळतीला अजून फार वर्षं झाली नव्हती. एका आठवड्यात देशभरातल्या दवाखान्यांतली, लॅबमधली, विमा कंपन्यांतली माहिती फुटली आणि ज्याला हवी त्याच्या मोबाइलवर जाऊन बसली. कुणाला कसला आजार, कुणाचं कसलं ऑपरेशन, कोण गुपचूप मानसोपचार घेतंय, सगळं चव्हाट्यावर. लग्नं मोडली, नोकऱ्या गेल्या, काहींनी जीव दिला. त्यानंतर आडोसा कायदा आला. आपला डॉक्टर सोडला तर कुणीही कुणाला तब्येतीचं, घरचं, मनातलं सरळ विचारायचं नाही. सरकारनं नाही, कंपनीनं नाही, विद्यापीठानं तर नाहीच नाही.

आता काही विचारायचंच नाही म्हटल्यावर रोग कुठे पसरतोय हे कळणार कसं? त्यासाठी संशोधक, उद्योगवाले आणि सरकार यांनी मिळून एक मंडळ काढलं. त्याचं अधिकृत नाव इतकं लांबलचक होतं की मंत्र्यांनाही ते कागदात बघून वाचावं लागे. लोक त्याला तिपाई म्हणत. आणि या तिपाईनं जी युक्ती आणली, तिला लोकांनी नाव दिलं कौल.

युक्ती मोठी झकास होती. कौलताई घरी येते, तिच्या हातात साबणाच्या वडीएवढी एक डबी असते. डबीचा छोटा गोळा तुमच्या कानात घालायचा. डबी मोठ्यानं प्रश्न विचारते, मग आतल्या आत नाणं उडवल्यासारखं काहीतरी करते आणि काय बोलायचं ते फक्त तुमच्या कानात सांगते. चारातल्या दोन वेळा सांगते, 'खरं सांगा.' एकदा सांगते, 'काहीही असो, होय म्हणा.' आणि एकदा सांगते, 'काहीही असो, नाही म्हणा.' तुम्ही तोंडानं मोठ्यानं होय किंवा नाही म्हणायचं. ते उत्तर नावासकट नोंदलं जातं. कानात काय सांगितलं होतं, ते मात्र डबी स्वतःच विसरून जाते.

म्हणजे बघा, तुम्ही 'होय' म्हणालात तरी ते खरं की डबीनं वदवलेलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. हाच तुमचा आडोसा. पण शंभर घरांत पंचवीस 'होय' डबीनं वदवलेले असणार, हे गणित पक्कं. तेवढे वजा करायचे. खरं बोलायला निम्म्याच घरांना सांगितलेलं असतं, म्हणून उरतील त्यांची दुप्पट करायची. झालं! गावात आजार किती ते निघालं. एकाचंही गुपित फुटत नाही आणि सगळ्यांचं मिळून सत्य कळतं.

मूळ कल्पना गेल्या शतकातली, पण ती घरोघरी नेली डॉ. गार्गी नेर्लेकर यांनी. गार्गी गणिताची प्राध्यापक, तिपाईवर विद्यापीठाच्या बाजूनं बसायची. उत्तरांचा साठा सगळ्यांना खुला ठेवावा हा आग्रहही तिचाच. "एकट्या उत्तराला काही अर्थच नाही, तर ते लपवायचं कशाला? उलट कुणीही यावं, साठा उतरवून घ्यावा, आमचं गणित तपासावं," असं ती भाषणात म्हणायची आणि टाळ्या पडायच्या. मोठी हुशार बाई, पण टाळ्या फार वाईट हो.

तर तांबुळणी. तिथे जुन्या बॅटऱ्या वितळवून धातू काढणारा कारखाना होता आणि आता त्याची दुसरी भट्टी पेटणार होती. अशा भट्टीच्या धुरातून शिसं येतं, आणि शिशाचं विष लहान मुलांच्या मेंदूला आधी धरतं. म्हणून भट्टीला परवानगी देण्याआधी गावात कौल लावला गेला. प्रश्न होता, 'गेल्या वर्षभरात तुमच्या लेकराला फिट आली का?' उत्तर आलं शून्य. पडद्यावर गाव हिरवंगार. कायदा असा की गाव लाल झालं तरच मुलांचं रक्त तपासायचं. हिरव्या गावात कुणी मुलाला सुईसुद्धा लावायची नाही.

तिपाईच्या बैठकीत सौरभ मोहिते भलतेच खुशीत होते. ते उद्योगांचे प्रतिनिधी आणि तांबुळणीचा कारखाना त्यांचाच. माणूस गप्पिष्ट, दिलदार, बैठकीला येताना सगळ्यांसाठी कंदी पेढे आणणारा.

"नेर्लेकर मॅडम, शून्य म्हणजे अगदी शून्यच का हो?" ते म्हणाले. "आमच्या तांबुळणीचं पाणी असं आहे की आकडा शून्याच्याही खाली गेला असेल, तुम्हीच आम्हाला सांगत नसाल!"

सगळे हसले. सरकारतर्फे बसणाऱ्या सचिव ऋतुजा ठोंबरे सहसा हसत नसत, त्याही हसल्या. गार्गी हसली आणि गंमत म्हणून तिनं समोरच्या यंत्रावर पंचवीस वजा केल्यावरचा, दुप्पट करण्याआधीचा मूळ आकडा उघडला.

उणे सात.

"काय झालं गं?" ठोंबरेताईंनी विचारलं.

"काही नाही. जरा तपासून सांगते," गार्गी म्हणाली, पण तिचं हसू पार उतरलं होतं.

आकडा शून्याखाली गेला तर शून्यच दाखवायचं, ही सोय तिनंच करून ठेवली होती. पहिल्या चाचण्या तिनं कॉलेजातल्या पोरांवर घेतल्या होत्या आणि प्रश्न होता, 'परीक्षेत कॉपी केली का?' पोरं हसत हसत वाट्टेल ते बोलली. माणसं थोडी असली की नाणं इकडेतिकडे पडतं, आकडा जरासा घसरतो, त्यात नवल नाही. पण तांबुळणीत चार हजार घरं होती. एकही मूल आजारी नसलं तरी शंभरात पंचवीस 'होय' यायलाच हवे होते, कारण तेवढे डबीच वदवते. आले होते अठरा. बाकीचे सात गेले कुठे? हिरव्या गावाचा मूळ आकडा उघडून बघावा, एवढी साधी गोष्ट पाच वर्षांत कुणाला सुचली नव्हती. गार्गीलाही नाही.

डब्या बिघडल्या असणार असं धरून ती तांबुळणीला गेली. तिथली कौलताई स्वराली मुळीक कंपनीच्या चाळीत राहायची. तिचा नवरा भट्टीवर कामाला होता. तिच्या खोलीत बसून गार्गीनं दुपारपर्यंत सगळ्या डब्या तपासल्या. दोष काडीचाही नव्हता. डब्या अगदी सांगितल्याप्रमाणे काम करत होत्या.

"मग आता माझाच कौल घ्या," गार्गी म्हणाली. "घरोघरी घेता तसाच. कुठे अडतंय ते बघू."

स्वरालीनं गोळा तिच्या कानात दिला आणि डबी समोर धरली. डबीनं मोठ्यानं विचारलं, 'गेल्या वर्षभरात तुमच्या लेकराला फिट आली का?' आणि मग हळूच कानात म्हणाली, 'काहीही असो, होय म्हणा.'

गार्गीची मुलगी रेवा सात वर्षांची, पुण्यात शाळेत, अगदी ठणठणीत. डबी गार्गीची, गणित गार्गीचं. खोटं बोलायची नुसती मुभा नव्हती, तसं सांगितलंच होतं. तिनं तोंड उघडलं. आणि डोळ्यांपुढे रेवा आली, जमिनीवर पडलेली, डोळे फिरलेले, तोंडाला फेस. तिची जीभच उचलेना. काय मूर्खपणा आहे हा, तिनं स्वतःला दटावलं. शिकलीसवरलेली बाई आहेस ना तू? तिनं पुन्हा तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली.

स्वरालीनं हुश्श केलं. "बरं केलंत मॅडम."

"बरं काय केलं? डबीनं मला होय म्हणायला सांगितलं होतं!"

"म्हणून म्हणायचं? लेकराचं? भरल्या घरात बसून?" स्वरालीला खरंच कळेना. "वास्तू तथास्तु म्हणत असते मॅडम. आपण बोलून जायचं, आणि ती नेमकी त्याच वेळी म्हणाली तर?"

"स्वराली, बाकीच्या बायका काय करतात?"

"काय करणार? 'नाही म्हणा' आलं तर आनंदानं म्हणतात. 'खरं सांगा' आलं तर खरं सांगतात, डबीशी कशाला खोटं बोलतील? आणि ते तिसरं आलं की मला समजतंच. चेहराच पडतो बाईचा. थोडा वेळ गप्प बसते आणि नाही म्हणते. मीपण काही बोलत नाही. आईला कसं सांगू, म्हण म्हणून?"

अरे देवा, एवढं साधं! कॉपी केली म्हणायला कुणाचं काय जातं? पण असलं अभद्र कोण तोंडातून काढेल?

"म्हणजे खोटं 'होय' कुणी म्हटलंच नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलू लागली. "यंत्र पंचवीस खोटे धरून वजा करतंय, आणि खोटा एकही नाही. ते अठराच्या अठरा खरे आहेत. शिवाय ज्या आयांना डबीनं 'नाही म्हणा' सांगितलं, त्या पंचवीसांतही त्याच हिशेबानं सहाएकींची मुलं आजारी असणारच. ती धरली तर चोवीस. स्वराली, हे पाव गाव झालं. चार घरं धरली तर त्यातल्या एका घरात फिट येणारं लेकरू आहे."

स्वरालीनं हातातली डबी खाली ठेवली.

"चारात एक?" ती म्हणाली. "मॅडम, कुणी होय म्हटलं तर मला वाटायचं, हिनं धीर करून डबीचं ऐकलं. आजारी म्हणजे माझा विहानच, असं वाटायचं. आम्ही त्याला इथल्या डॉक्टरला दाखवतसुद्धा नाही, लांब नेतो, कुणी बघू नये म्हणून. समोरच्या वर्षाची पोरगी दोन महिने दिसत नाही. मामाकडे गेलीय म्हणते. अगं बाई! आणि त्या कोपऱ्यावरच्या जुळ्यांना घरातून बाहेरच सोडत नाहीत. अगं बाई गं! आम्ही सगळ्याजणी एकमेकींपासून लपवत बसलो की हो!"

लपवायला कारणही तसंच होतं. घरात कुणाला मेंदूचा आजार निघाला तर भट्टीवरचं काम बंद आणि चाळीतली खोलीही गेली, असं कंपनीच्या करारात लिहिलेलं होतं. मुलगी असेल तर तिच्या लग्नाचं नावच नको. मध्येच स्वरालीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत आता वेगळीच भीती होती.

"मॅडम, मी 'होय' म्हटलं होतं. मला 'खरं सांगा' आलं, मी खरं सांगितलं. ट्रेनिंगला तुम्हीच म्हणाला होतात ना, कुणाला काही कळणार नाही?"

खुल्या साठ्यात 'स्वराली मुळीक, तांबुळणी, होय' अशी नोंद कुणीही वाचू शकत होतं. आजपर्यंत तिला काही अर्थ नव्हता. आता होता. साठा बंद करूनही उपयोग नव्हता, कारण कितीतरी कॉलेजांनी, कंपन्यांनी, वर्तमानपत्रांनी तो उतरवून घेतला होता, आणि तोही तिच्याच निमंत्रणावरून. मोहित्यांच्या कचेरीतही त्याची प्रत होती.

तिनं स्वरालीला सगळं सरळ सांगून टाकलं. मुलांचं रक्त तपासायचं तर गाव लाल व्हायला हवं. त्यासाठी उणे सात का आले हे तिपाईपुढे सांगायला हवं. आणि ते सांगितलं की साठ्यातला प्रत्येक 'होय' नावासकट खरा ठरणार.

"मी गप्प बसले तर तुमची नावं झाकलेली राहतील," गार्गी म्हणाली. "पण सोमवारी दुसरी भट्टी पेटेल."

"विहानला काल परत आली," स्वराली म्हणाली. "अर्धा तास शुद्धीवर नव्हता. नावाचं काय घेऊन बसलात मॅडम? सांगून टाका."

"तुमच्या एकटीचं नाही हो. बाकीच्या आयांना न विचारता मी कसं..."

"विचारायला गेलात तर कायद्यानं तुम्हीच आत जाल." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "खोली गेली तर दुसरी बघू. सांगा तुम्ही. पोरं जगली पाहिजेत."

गार्गीनं तातडीची बैठक बोलावली. तिपाईची बैठक कुणालाही घरबसल्या बघता येत असे, त्यामुळे बोलायला उभं राहताना तिला माहीत होतं की शब्द मागे घेता येणार नाही. तरी तिनं सगळं सांगितलं. डबी, कानातला आवाज, न उचलणारी जीभ, अठरा, चोवीस. खोलीत पंधरा-वीस अधिकारी होते.

मोहित्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते म्हणाले, "पाव गाव? माझ्या कारखान्याच्या चाळीतली पोरं? मॅडम, मला काही माहीत नव्हतं हो. शपथ घेऊन सांगतो. गाव लाल करा. भट्टी पेटणार नाही. मी पहिला हात वर करतो. आणि त्या कराराचंही बघू काहीतरी."

गार्गीला रडू यायचंच बाकी होतं. आता ठोंबरेताईंचा हात वर झाला की झालं. पण ताईंचा हात टेबलावरच होता.

"गार्गी," त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "हे नुसतं फिटचंच आहे का गं? की पाच वर्षांत आपण जे जे विचारलं, त्या सगळ्याचंच असं आहे?"

गार्गी थबकली. खरं सांगायचं तर तिला गेले दोन दिवस त्या मुलांपलीकडे काही दिसलंच नव्हतं. तिनं घाईघाईनं बाकीचे हिरवे प्रश्न उघडले. मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर मूळ आकडे एकाखाली एक आले. घरात क्षय आहे का? उणे. नवरा हात उचलतो का? उणे. 'कधी जीव द्यावासा वाटला का?' अख्ख्या राज्यात, उणे. म्हणजे तिथेही खोटं 'होय' कुणी म्हटलेलं नव्हतं. असलं अभद्र बोलायला कुणाचीच जीभ वळली नव्हती. साठ्यातला एकूण एक 'होय' खरा होता, राज्यभरातला, आणि प्रत्येकापुढे नाव होतं.

ठोंबरेताई पांढऱ्याफटक पडल्या. "मी एकदा..." एवढंच बोलून त्यांनी ओठ घट्ट मिटले. कुठल्या प्रश्नाला, ते त्यांना कुणी विचारलं नाही. मागच्या रांगेत एका अधिकाऱ्यानं मोबाइल काढला. मग त्याच्या शेजारच्यानं.

"सान्वी हॉस्टेलला असते," मोहिते म्हणाले. ते कुणालाच उद्देशून बोलत नव्हते. "माझी मुलगी. गेल्या वर्षी तिथे कौल झाला होता." त्यांनी मोबाइलवर नाव टाकलं. बघितलं. पुन्हा बघितलं. मग खुर्ची मागे पडली आणि एवढा मोठा माणूस धावतच दाराबाहेर गेला. "सान्वी? फोन उचल गं बाळा, फोन उचल," असा त्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत राहिला.

कुठल्या बापाला थांबवणार? गार्गीनंही हाक मारली नाही.

"ताई, ठराव," ती म्हणाली. "तुमचा हात आणि माझा. मोहित्यांनी तर तोंडानंच सांगितलंय."

"तिघं हजर नसताना ठराव होत नाही," ठोंबरेताई म्हणाल्या. त्यांची नजर हातातल्या मोबाइलवरच होती. "तोवर आधीचा निर्णय कायम."

"आधीचा म्हणजे हिरवा? अहो ताई, सोमवारी भट्टी पेटणार! मुलांचं काय?"

ताईंनी मान वर केली नाही. कुणीच केली नाही. सगळी खोली खाली बघून कुणाचं ना कुणाचं नाव टाकत होती. कुणी बायकोचं, कुणी भावाचं, कुणी साहेबाचं. एकानं तोंडावर हात दाबून धरला होता. एकजण उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता.

गार्गीचा फोन वाजला. स्वराली होती.

"मॅडम, बघितलं आम्ही सगळं," ती धापा टाकत बोलत होती. "इकडे अख्खी चाळ मोबाइल घेऊन बसलीय. वर्षानं माझं नाव काढलं, मी तिचं काढलं. खाली भांडणं लागलीत. पोरींच्या सोयरिकीवाल्यांचे फोन यायला लागलेत. एकीला नवऱ्यानं घराबाहेर काढलं, तिनं कधी कसला होय म्हटला होता म्हणून. ते जाऊ द्या, ते आम्ही बघून घेऊ. पोरांचं रक्त तपासायला माणसं कधी येणार, तेवढं सांगा. मॅडम? ऐकताय ना?"

"ऐकतेय," गार्गी म्हणाली. फोन तिच्या डाव्या कानाशी होता. उजव्या हातानं तिनं समोरच्या यंत्रावर मिरजेला एकट्या राहणाऱ्या आपल्या आईचं नाव अर्धं टाइप केलं होतं.